कमरेइतकं पाणी

"ज्यांचं पोट भरलंय तेच पंगतीला येतात, आणि उपाशी माणसं दाराशीही फिरकत नाहीत. असं का, भन्ते?"

नदीच्या घाटावर म्हातारे भन्ते चीवर धूत बसले होते. शेजारच्या पायरीवर बसून सुगत त्यांना विचारत होता.

सुगत एम.ए. होऊन गावी परतला होता. मोठ्या माणसांसाठी त्यानं विहारात संध्याकाळचा वर्ग काढला. दहावी झालेले आले, निवृत्त तलाठीही आले. पण ज्यांना सही करता येत नव्हती, त्यांच्यातलं कुणी उंबरा ओलांडून आत आलं नाही. वर्ग बंद करतो, एवढंच सांगायला तो आज आला होता.

"त्या अंगठा लावणाऱ्या अंजनाबाईंना बोलावलंस?" भन्तेंनी विचारलं.

"घरी जाऊन बोलावलं. पाटी फुकट, पुस्तक फुकट. तर म्हणतात, लहानपणी गुरुजींनी भर वर्गात कान पिळला, सगळी पोरं हसली, तेव्हापासून शाळेचं नाव नको. इतकी जुनी गोष्ट कोण धरून बसतं, भन्ते? शिकायचंच नाही त्यांना."

भन्तेंनी चीवर पिळलं.

"तुला पोहता येतं?"

"नाही. लहानपणी मामानं विहिरीत ढकललं होतं. नाकातोंडात पाणी गेलं. त्यानंतर मी कधी..."

सुगत बोलता बोलता थांबला.

"नदीसुद्धा फुकटच आहे," भन्ते म्हणाले. "उतर. इथं कमरेइतकंच पाणी आहे."

सुगतनं चपला काढल्या, सदरा काढला. शेवटच्या पायरीपर्यंत गेला. पुढे पाय उचलेना...

"तुम्ही येता का बरोबर?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

भन्ते पाण्यात उतरले आणि त्यांनी हात पुढे केला.

पाणी गार होतं. भन्तेंनी त्याला दोन्ही तळव्यांवर आडवं तोलून धरलं. तो धडपडला, खोकला, पुन्हा आडवा झाला. थोड्या वेळानं अंग हलकं झालं, आणि त्याला आपोआप हसू आलं. उन्हं उतरली तरी त्याला बाहेर यावंसं वाटेना.

शेवटी काठावर बसून डोकं पुसता पुसता तो म्हणाला, "वर्ग चालू ठेवतो, भन्ते. आता अंजनाबाईंना जाऊन काय सांगू?"

भन्तेंनी ओलं चीवर खांद्यावर टाकलं.

"त्यांना काहीच सांगू नकोस. त्यांच्या जावेकडे चहाला जा. ती हात धरून बरोबर आली, तर त्याही उतरतील."