झाडाखालच्या ढलप्या

नदीकाठच्या एका जंगलात एक सुतार पक्षी राहत असे. मैना, पोपट यांना स्वतःची ढोली कोरता येत नाही. ते त्याच्याकडे येत. तो चोचीने खोड कोरून त्यांना घर करून देई आणि बदल्यात ते त्याला हंगामभर अळ्या आणून देत. कोणाचे पिल्लू कोणत्या झाडात आहे, हे त्या एकट्याला ठाऊक असे. "मान तुटली तरी माझ्या तोंडून कुणाचा पत्ता निघायचा नाही," असे तो ताठ मानेने सांगे. ते खरेही होते.

पण कोरताना लाकडाच्या पांढऱ्या ढलप्या खाली पडत आणि तशाच राहत. एका मैनेने ढोली ताब्यात घेताना त्याला विनवले, "सुतारभाऊ, तेवढ्या ढलप्या लांब टाकाल का? माझी चोच लहान आहे, मला त्या उचलवत नाहीत."

"मैनाताई, मी कारागीर आहे. केर काढणं माझं काम नाही," तो म्हणाला आणि उडून गेला.

पुढे मैनेला दोन पिल्ले झाली. ती चारा आणायला गेली असता एक साप ढोलीत शिरला. परत येऊन पाहते तो साप खोडावरून सावकाश खाली उतरत होता. "तुला माझं घर कुणी दाखवलं?" ती आक्रोशत म्हणाली.

"कुणी नाही, बाई. मी वर बघतच नाही. खाली बघत जातो. जिथे पांढऱ्या ढलप्या, तिथे वर घर."

मैनेने हे सांगितल्यावर सुतार पक्षी म्हणाला, "मी तर कुणालाच काही सांगितलं नाही." आणि तो पुढच्या कामाला लागला.

मात्र पुढच्या हंगामात त्याच्याकडे कोणी आले नाही. पक्षी खडकांच्या फटींत आणि पडक्या भिंतींत राहू लागले. अळ्या बंद झाल्या. मग तो झाडोझाडी सांगत फिरू लागला, "या, आता मी ढलप्या उचलतो!"

एक म्हातारा पोपट म्हणाला, "मैनेची पिल्लं गेली तेव्हा तुझी चोच जड होती. अळ्या बंद झाल्यावर बरी हलकी झाली! उद्या पुन्हा अळ्या आल्या की पुन्हा जड होईल."



"मी येतो तुझ्याकडे," पोपट पुढे म्हणाला. "पण एक अट आहे. माझ्या ढोलीखाली, त्याच खोडात तुझी ढोली कोर. तुझी अंडी तिथे राहू देत. साप चढलाच, तर आधी तुझं दार लागेल."

अट कडक होती, पण त्याने ती मान्य केली. त्या वर्षी त्याने एकेक ढलपी नदीपलीकडे नेऊन टाकली. उंच गवतात अडकलेल्या, कोणाला दिसणार नाहीत अशाही शोधून काढल्या. "काय सुतारभाऊ, केर काढायला लागलात?" कावळ्याने टोमणा मारला. सुतार पक्ष्याची चोच भरलेली होती.

साप त्या झाडाखाली आला. खाली नुसता पाचोळा होता. तो तसाच पुढे गेला.

वर पोपटाची पिल्ले वाढली, खाली सुतार पक्ष्याची. ती प्रथम उडाली त्या दिवशी तो मैनेच्या जुन्या झाडाकडे गेला. तिथल्या ढलप्या अजून पडून होत्या, आता काळ्या पडलेल्या. त्याही तो एकेक करून उचलू लागला. मैना समोरच्या फांदीवर बसली होती. वरच्या रिकाम्या ढोलीकडे तिने एकदा पाहिले आणि मान फिरवली.

तात्पर्य : तोंड बंद ठेवले म्हणजे दुसऱ्याचे गुपित राखले असे होत नाही. झळ स्वतःच्या दारापर्यंत येणार असेल, तरच बहुतेक जण ते नीट राखतात. आपले नाव, पत्ता, नंबर मागणारी कंपनीही याला अपवाद नाही. म्हणून तिने दिलेले वचन ऐकून थांबू नये. साप आला तर आधी कोणाचे दार लागेल, ते पाहावे.