बोरखडकीची निळी विहीर

पाहुणे, कठड्याला टेकू नका, दगड सुटलेत. खाली कपारीत निळं चमकतंय ना, ते पाणी नव्हे. पांढऱ्या गारेवर मोरपिशी खडे फुटलेत, मुठीएवढे झुपके. असा खडा पंचक्रोशीत दुसरीकडे सापडत नाही. तो इथंच का, ते आमची जुनी माणसं सांगत आली तसंच सांगतो.

फार मागे लागोपाठ दुष्काळ पडले होते, असं सांगतात. तेव्हा म्हाळोजी पाटलानं विहीर खणायला तिम्मा वडार आणि त्याची बायको दुर्गव्वा यांना बोलावून आणलं. काळा पाषाण फोडता फोडता एके दुपारी पहार आरपार गेली. आत पोकळी होती, आणि तिच्यात पाण्याची झुळझुळ. तिम्मा सरपटत आत शिरला. तेवढ्यात वरची दरड खचली आणि तोंड बुजलं.

दुर्गव्वानं दगडाला कान लावला. आतून तो म्हणाला, "दुर्गे, जित्ता हाय मी. गुडघाभर पाणी लागलंय बघ!"

पाणी म्हटल्यावर सारा गाव धावला. दरडीखालून बारीक धार सुटली होती. बायकांनी घागरी लावल्या. दुर्गव्वानं घण उचलला, तसा पाटलानं तिचा हात धरला.

"थांब बाई. दरड फोडलीस तर झरा फुटंल, खालच्या भेगेत जाईल. आधी गावाला पाणी भरू दे."

"माझा माणूस बोलतोय आतनं, पाटील."

"पोरं मरायला लागल्यात गावात. एका माणसापायी..."

तिला धरून वर आणलं. गाव पाणी भरत राहिला. आतून दगड ठोकल्याचा आवाज येत होता. तो सगळ्यांनाच ऐकू येत होता म्हणे, पण कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दिवस कलता कलता आवाज थांबला, आणि त्याबरोबर धारही आटली.

मग पाटलानं स्वतः घण घेतला. दरड फुटली, तर आत तिम्मा नव्हता. पाणीही नव्हतं. जिथवर ते चढलं होतं तिथवर पाण्याचाच निळा दगड झाला होता. बायका घरी पळाल्या. भरून ठेवलेल्या घागरी उपड्या केल्या, तर त्यांतूनही खडेच पडले.

दुर्गव्वा रडली नाही, शिव्याशापही दिले नाहीत. घण खांद्यावर टाकून ती निघून गेली. त्याच उन्हाळ्यात गाव उठला. पुष्कळ वर्षांनी पुन्हा वसला, तो माळाच्या पलीकडे.

आजही या मुलखात विहीर खणताना पोकळी लागली, की हत्यारं खाली ठेवतात. खणणाऱ्याच्या घरची बाई आत उतरते, दगडाला कान लावते. 'कुणी नाही' असं ती म्हणाली, तरच पुढचा घाव.

गेल्या साली माझ्या मुलानं विहीर खणायला घेतली, पोकळी लागली, तेव्हा सून उतरली होती. बराच वेळ बसली. वर आली, पण काही बोललीच नाही.

आम्हीही विचारलं नाही. ती विहीर तशीच सोडून दिलीय.