साळूचा माळ

आडवलीच्या ओढ्याकाठचा हा जो माळ तुम्ही टेपनं मोजताय, त्याला आम्ही साळूचा माळ म्हणतो. मोजा, माझी काही हरकत नाही. दोघे व्याही पुण्याहून लग्नाची जागा बघायला इतक्या लांब आलात, तर मोकळ्या हातानं कशाला परत जायचं? पण सकाळपासून तुमचा मंडपवाला मला एकच गोष्ट विचारतोय, तिचं उत्तर आधी देतो. या माळावर लग्न असलं की आमच्याकडे दोन मांडव घालतात, समोरासमोर, आणि दोन्हींच्या मधली पट्टी उघडी सोडतात. नवरानवरी उभी राहतात ती त्या उघड्या जागेत. वऱ्हाड आडोशाला आणि ज्यांचं लग्न ते दोघं आभाळाखाली! तुमचा माणूस मला म्हणाला, बाबा, कापड कमी पडलं होतं का? कापड कमी पडलं नव्हतं. बसा असे धोंड्यावर, सांगतो. मी इथला गुरव, देवळाची दिवाबत्ती आमच्या घराकडे आहे, आणि ही हकिगतही आमच्याच घराकडे आहे.

फार जुनी गोष्ट, पाटीलकीच्या काळातली. ओढ्याच्या अलीकडे आमची आडवली, पलीकडे ते कौलांचं दिसतंय ते केळशेत. आडवलीचे पाटील हैबतराव आणि केळशेतचे सुभानजी. हैबतरावांना एकच मुलगी, साळू. सुभानजींचा मुलगा रायाजी. दोघांचं लग्न ठरलं, सुपारी फुटली, दोन्ही गावांत साखर वाटली गेली. देण्याघेण्यावरून कुरबूर नाही, मानपानावरून नाही. सगळं सुरळीत झालं म्हणे, आणि मग कुणीतरी विचारलं, लग्न कुठं लावायचं?

तिथून बिनसलं. सुभानजी म्हणाले, "आमच्यात मुलगी आणून आमच्या दारात लगीन लावत्यात. म्या दुसऱ्याच्या दारात पोरगा घिऊन जायाचा न्हाई." हैबतरावांचं डोकं फिरलं. "माझी पोर काय पळवून आणल्याली हाय? तिच्या बापाचं दार शाबूत हाय अजून." महिनाभर निरोप्ये ओढा ओलांडत राहिले. दोघंही माणसं वाईट नव्हती, असं सांगतात. गोरगरिबांना धान्य देणारी, देवाधर्माची माणसं. पण कुणाच्या दारात कोण गेला, हे पुढच्या सात पिढ्या लक्षात राहणार, ही भीती दोघांच्याही मानगुटीवर बसली होती.

शेवटी आमच्या घराण्यातल्या देवजी गुरवानं तोड काढली. हा माळ ना आडवलीचा ना केळशेतचा, देवाचा. इथं मांडव घाला, म्हणजे कुणीच कुणाच्या दारात गेलं नाही. दोघांनाही पटलं. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. फक्त देवजीनं एक गोष्ट बजावली होती म्हणे: मुहूर्तमेढ एकच रोवायची. मांडवाचा तो पहिला खांब ज्याच्या हातानं रोवला जातो त्याच्या घरचं कार्य. तेव्हा कुणाच्या हातानं, ते आधी ठरवा.

ते कुणी ठरवलं नाही. हैबतरावांनी धरलं की मुलगी त्यांची म्हणजे मेढ त्यांची. सुभानजींनी धरलं की मुलगा त्यांचा म्हणजे मेढ त्यांची. एकाच शुभ दिवशी दोन्हीकडची माणसं वाजतगाजत माळावर आली, आणि एकमेकांसमोर दोन मेढी उभ्या राहिल्या. दोन्हींना हळदकुंकू लागलं, दोन्हींना आंब्याचे टाळे बांधले गेले. हळदकुंकू लागलेली मेढ कार्य झाल्याशिवाय उपटता येत नाही. मग काय, दोन मेढींचे दोन मांडव झाले. एका लग्नाला दोन मांडव! आसपासच्या गावांची माणसं बघायला येऊन तोंड दाबून हसत होती.

या सगळ्या महिन्या-दोन महिन्यांत साळूला कुणी काही विचारलं का? नाही. आता तुम्ही म्हणाल, त्या काळी कोण विचारायचं. खरं आहे. पण पोरगी घरातच होती, पाणी द्यायला बाहेर येत होती, आत जात होती. सगळं तिच्या कानांवर पडत होतं.

लग्नाचा मुहूर्त गोरज होता, गुरं परतायच्या वेळेचा. साळू हळदीच्या साडीत, कपाळाला मुंडावळ्या, आडवलीच्या मांडवात पाटावर बसलेली. समोर केळशेतच्या मांडवात रायाजी बसलेला. दोघांच्या मध्ये ही एवढीशी उघडी पट्टी. जोशी पट्टीत उभे, अंतरपाट धरणारे दोघं उभे, आणि पाण्यानं भरलेल्या घंगाळात घटिकापात्र सोडलेलं. बुडाला भोक असलेली तांब्याची वाटी ती, हळूहळू भरते आणि बुडली की मुहूर्ताची घटका संपते. तेव्हा घड्याळं कुठं होती?

जोशी म्हणाले, मुलीला आणा. सुभानजी म्हणाले, आणा इकडे. हैबतराव म्हणाले, मुलाला इकडे पाठवा. जोशांनी हात जोडले. दोघंही चार पावलं पुढं या, इथंच मधे उघड्यावर लावून देतो. पण मांडवातून आधी बाहेर कोण पडणार? जो आधी पडेल तो हरला. हजार माणूस हातात अक्षता घेऊन उभं होतं. पाण्यावर वाटी तेवढी डुलत होती.

तेव्हा साळू उठली. बापाकडे वळून तिनं हळूच विचारलं, "आबा, मी जाऊ?"

हैबतराव म्हणाले, "बस."

ती बसली. समोर रायाजीही उठू बघत होता, त्याच्या खांद्यावर सुभानजींचा हात पडला. तो बसला. आणि वाटी बुडाली. बुडताना तिचा एक बारीकसा आवाज होतो, मी ऐकलेला आहे. तो त्या दिवशी सगळ्या माळानं ऐकला, असं सांगतात.

मुहूर्त टळला. केळशेतचं वऱ्हाड उठून गेलं. अक्षता जिथल्या तिथं पडल्या. रायाजीचं लग्न पुढं दुसऱ्या गावात झालं, त्याला मुलंबाळंही झाली. त्याच्यावर माझा काही राग नाही. खोटं कशाला बोलू, थोडा आहे.

हैबतरावांनी मुलीला म्हटलं, "ऊठ साळू, घरी चल."

साळू त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आबा, बस म्हणाला तवा मी बसले. आता न्हाई उठायची."

लोकांना वाटलं, रागात आहे, घटकाभरानं उठेल. ती उठली नाही. बायका समजूत घालून थकल्या. उचलून न्यायला भाऊबंद पुढं झाले, तर हैबतरावांनीच त्यांना मागं ओढलं. जगासमोर पोरीला फरफटत नेणं त्यांना जमेना, आणि तिच्यासमोर हात जोडणं त्याहून जमेना. आई दोन्ही वेळची भाकरी घेऊन यायची, जवळ ठेवायची, तशीच परत न्यायची. टाळे वाळून वाजायला लागले. अंगावरची हळद तशीच. हळद लागलेली मुलगी लग्न झाल्याशिवाय ना माहेरची, ना सासरची. तिनं कुठं जायचं? माझ्या आजीला हे सांगताना दर वेळी रडू यायचं, आणि ती काही रडूबाई नव्हती.

एके सकाळी आई भाकरी घेऊन आली तर पाट रिकामा होता. पाटावर हळदीचे डाग, बाजूला मुंडावळ्या नीट गुंडाळून ठेवलेल्या. ओढा पाहिला, डोह पाहिला, रान पालथं घातलं. काही सापडलं नाही. कुणी म्हणतं पाण्यानं नेली, कुणी म्हणतं जनावरानं. माझे वडील म्हणायचे, ती कुठंच गेली नाही. कारण त्या दिवसापासून संध्याकाळी परतणारी गुरं आडवलीच्या मांडवापाशी आली की बाजूला व्हायची. घरात कुणी जमिनीवर बसलेलं असलं की आपण जसे त्याला पाय लागू नये म्हणून कडेनं जातो, तशी ती एकामागून एक कडेनं जायची.

पुढं काही वर्षांनी आमच्या गावच्या रावजी कुंभाराच्या चिमाचं लग्न निघालं. कुंभाराचं घर केवढंसं, अंगणात मडकी. जागेचा प्रश्न आला. माळ सपाट, पाटलांच्या दोन्ही मांडवांचे खांब अजून उभे, वर पाला टाकला की झालं. जाणत्यांनी नको म्हटलं, पण रावजी म्हणाला, ते पाटलांच्या अब्रूचं प्रकरण, आम्हां कुंभारांना त्याचं काय? चिमाचं लग्न तिथंच धरलं.

मुहूर्त तोच, गोरज. मामानं चिमाला आणून आडवलीच्या मांडवात पाटावर बसवलं. मंगलाष्टकांची वेळ झाली, मामा म्हणाला, ऊठ बाळ. चिमा उठेना. आई म्हणाली, बाप म्हणाला. उठेना. दोघा गड्यांनी काखेत हात घालून उचलून पाहिलं, तर ती तसूभर हलली नाही. इकडे पाण्यात वाटी भरत चाललेली. चिमा म्हणजे कशी, तर ओढ्याच्या पलीकडे हाक ऐकू जाईल अशा गळ्याची पोर. ती मान खाली घालून अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला कुणी इचारलंच न्हाई."

तो आवाज साळूचा, हे जाणत्यांनी ओळखलं. रावजी कुंभार उठला आणि अनवाणीच पाटलाच्या वाड्याकडे पळत सुटला. साळू गेल्यापासून हैबतरावांनी माळावर पाऊल टाकलं नव्हतं. रावजीनं त्यांचे पाय धरले. "पाटील, तुमची पोर गेली. माझी तरी वाचवा."

हैबतराव आले. म्हातारे झाले होते, काठीनं चालत होते. वाटी काठोकाठ आली होती. सगळ्या वऱ्हाडाच्या देखत त्यांनी डोक्यावरचं पागोटं उतरवलं, हातात धरलं, आणि पाटापुढं वाकून विचारलं, "साळू, कुटं बसवू तुला?"

आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

चिमानं मान वर केली नाही. हात तेवढा उचलला आणि बोट दाखवलं. दोन मांडवांच्या मधल्या उघड्या पट्टीकडे. मग ती आपणहोऊन उठली. हैबतरावांनी स्वतः पाट उचलून तिथं मांडला. चिमा येऊन पाटावर उभी राहिली, समोर नवरा उभा राहिला, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि त्यानंतर वाटी बुडाली. लग्न लागलं. लोक हसत होते, रडत होते, वाजंत्री वाजायला लागली होती. त्या गलक्यात हैबतराव नवरीच्या जवळ गेले. त्यांचं तोंड उजळलं होतं, असं सांगतात. तिचा हात धरून म्हणाले, "साळू, आता चल घरी."

चिमानं त्यांच्याकडे पाहिलं. ती गोंधळली होती, तिला मधलं काहीच आठवत नव्हतं. आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात ती म्हणाली, "पाटील, म्या चिमा हाय. कुंभाराची."

त्यांनी हात सोडला. वरात निघून गेली. ते मागं राहिले, त्या उघड्या पट्टीत, पागोटं हातात घेऊन. पुढं मरेपर्यंत रोज संध्याकाळी ते इथं यायचे आणि तेच विचारायचे. साळू, कुठं बसवू तुला? उत्तर आलं नाही. ज्या संध्याकाळी ते आले नाहीत, त्या संध्याकाळी लोक समजले आणि वाड्यावर गेले.

म्हणून हे दोन मांडव, आणि म्हणून मधलं आभाळ उघडं. आणि म्हणूनच आमच्याकडे लग्नाची जागा नवरी ठरवते. माळ हवा तर माळ, हॉल हवा तर हॉल, कोर्टात सह्या करायच्या तर तसं. बापानं विचारायचं आणि तिनं सांगायचं. "तुम्ही म्हणाल तिथं" हे उत्तर आमच्यात धरत नाहीत. पुन्हा विचारतात.

आजही लग्न ठरलं की नवरीचा बाप मुलीला घेऊन गोरजवेळेला इथं येतो. हैबतरावांसारखं डोक्यावरचं काढून आधी साळूला विचारतो, मग आपल्या मुलीला. मुलगी सांगते. साळू सांगत नाही. थोडा वेळ वाट बघायची आणि घरी जायचं, असा रिवाज आहे. मी माझ्या तीन मुलींच्या वेळी विचारलं. थोरल्या दोघींच्या वेळी विचारलं, थांबलो, निघालो. धाकटी शेवंता जरा वेगळी. मी टोपी डोक्यावर ठेवून निघालो तर ती म्हणाली, "दादा, काय म्हणाली ती?"

मी म्हटलं, "काही नाही गं. कधीच काही म्हणत नाही."

शेवंता म्हणाली, "मग एवढ्यात का निघालात? तिला विचार करायला वेळ लागत असंल."

मी टोपी पुन्हा काढली. गुरं येऊन गेली, कडेनं. पलीकडे केळशेतात दिवे लागले. अंधार पडून माळ दिसेनासा झाला तरी आम्ही बापलेक तिथं उभे होतो.