ठकूच्या मळ्यातली तोडी

बेलकरंज गावाच्या खाली, भीमा जिथं वळण घेते तिथं एक मळा आहे. त्याला कुंपण नाही, फाटक नाही. दर वर्षी माघ सरता सरता तिथं तीन दिवस गाणं असतं, शास्त्रीय, पक्कं. भलेभले गवई येतात आणि उघड्यावर, मातीवर सतरंजी टाकून गातात. ऐकणाऱ्यांनी आपापलं घोंगडं आणायचं. तिकीट नाही, पास नाही, पुढच्या रांगेतल्या खुर्च्या नाहीत, मंत्र्याला नाहीत आणि सरपंचालाही नाहीत. शहरातली मंडळी आली की आधी दार शोधत हिंडतात. "आजी, आत कुठून जायचं?" असं मला विचारतात. मी म्हणते, "बाबा, तू आतच उभा आहेस."

गावाने एक स्मरणिका काढली. तिच्यात छापलंय की हा उत्सव जहागीरदारांनी कलेच्या प्रेमापोटी सुरू केला. छापणाऱ्याचं काय जातं? जहागीरदारांचा पाय या मळ्याला कधी लागला नाही. उत्सव सुरू झाला तो भोपळे पिकवणाऱ्या एका बाईच्या हट्टामुळे. माझ्या आजेसासूने मला सांगितलं, तिला तिच्या आजीने. मी त्यात पदरचं काही घालत नाही.

त्या बाईचं नाव ठकू. तिची माणसं एका पटकीच्या साथीत आठ दिवसांत गेली म्हणे. नवरा गेला, दोन पोरं गेली, दीर गेला. गावाने तिला म्हटलं, वर ये, गावात राहा. ती गेली नाही. मळ्यातल्या खोपीतच राहिली आणि कडू भोपळा लावत राहिली. हा खायचा भोपळा नव्हे. हा तंबोऱ्याचा. वेलावर असतानाच त्याच्या बुडाखाली गवताची चुंबळ द्यावी लागते, दर चार दिवसांनी त्याला अलगद वळवावं लागतं, नाहीतर एक बाजू सडते. आणि देठ पुरता वाळेपर्यंत तोडायचा नाही. तान्ह्या लेकरासारखं ते काम. ठकू दिवसभर ते करायची, आणि चार चार दिवस तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही, कारण बोलायला समोर कुणी नसायचं.

एका माघात जहागीरदारांच्या पदरचे गवई, अंतोबुवा, स्वतः भोपळा निवडायला आले. निवडायची त्यांची रीत न्यारी. बोटाच्या पेराने भोपळा वाजवायचा, त्याला कान लावायचा आणि हळू आवाजात षड्ज लावायचा. भोपळ्याने आतून हुंकार दिला तर घ्यायचा. सकाळची वेळ होती. वीस-पंचवीस भोपळे झाले आणि एकाने असा काही हुंकार दिला की बुवांना राहवलं नाही. तिथंच उकिडवे बसून त्यांनी तोडी राग सुरू केला. चार-सहा आलाप झाले असतील, तोच गाडीवानाने हाक मारली आणि बुवा थांबले.

ठकू विळा हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "थांबलासा का?"

"भोपळा पारखून झाला, बाई."

"आन् म्होरलं?"

"पुढचं वाड्यावर. जहागीरदारांपुढं."

ठकू म्हणाली, "बुवा, माजा डावा कान गेलाय. उजव्यात बी आता वारं भरतंय. त्यो जायच्या आदी येकदा समदं ऐकवा."

बुवा हसले, तिला 'बरं बरं' म्हणाले, भोपळा गाडीत घातला आणि गेले.

ज्याने कधी काही ऐकलंच नाही त्याचं बरं असतं. ठकूला अर्धं ऐकू आलं होतं. वर्षभर ती त्या आलापांच्या टोकाशी बसून राहिली. वेल बांधताना, भोपळा वळवताना, पाणी देताना, पुढे काय असेल? सूर वर जात असेल की खाली येत असेल? विचारणार कुणाला? बांधापलीकडची पारू तिला डिवचायची, "ठके, त्यो गवई काय तुजा जावई हाय व्हय, आशी वाट बगतीस ती?"

ठकू म्हणायची, "जावई आसता तर आर्ध्या ताटावरनं उठला नसता."

दुसऱ्या वर्षी तिने एकही भोपळा तोडला नाही. देठ वाळले, गिऱ्हाइकं आली, तिने सगळ्यांना परत लावलं. बुवा आले तेव्हा सूर्य कलला होता. वाळूत गाडी रुतून त्यांची सकाळ गेली होती. त्यांनी बांधावरून तीनदा हाक दिली तेव्हा कुठे ठकूने मान वळवली. म्हणाली, "आदी गानं. मग भोपळा."

बुवांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. मळाभर भोपळे तसेच पडलेले पाहून ते खाली बसले. म्हणाले, "गातो. पण तोडी नाही, बाई. तोडी सकाळची. आता भीमपलास गातो, अख्खा गातो."

"माजं अर्दं ऱ्हायलंय ते द्या."

"अवेळी तोडी गायली तर गुरूंना काय तोंड दाखवू?"

"मग ऱ्हाऊ द्या."

बुवांनी वचन दिलं, पुढच्या माघात सकाळच्या प्रहरी येतो आणि पुरी तोडी ऐकवतो. तुझ्यापर्यंत पोचेल तोवर गातो. ठकूने विळा घेतला आणि मळ्यातला सगळ्यात चांगला भोपळा त्यांना तोडून दिला.

आमच्याकडची काही माणसं म्हणतात, चूक ठकूची. समोर बसलेला गवई भीमपलास देत होता, घ्यायचा होता. काही म्हणतात, चूक बुवांची. कान जात असलेल्या बाईला प्रहर कसले सांगता? मला ठकूचाही राग येतो आणि बुवांचाही. पण तिच्या जागी मी असते तर मीही भीमपलास घेतला नसता.

त्याच वर्षी, दिवाळीच्या सुमारास, ठकूचा उजवा कान गेला. पारू बांधावरून डिवचायची, ठकू उत्तर द्यायची नाही. आधी पारूला वाटलं, बाई रुसली. मग एकदा तिच्या पाठीमागे दोन बैल झुंजले, खोपीची कुडाची भिंत मोडली, तरी ठकू वाकून भोपळाच वळवत होती. तेव्हा पारूला कळलं.

माघ आला. बुवांनी जहागीरदारांकडे रजा मागितली. जहागीरदार म्हणाले, मळ्यात गाणार असाल तर पुन्हा या वाड्याची पायरी चढू नका. बुवांनी तंबोरा उचलला, ठकूच्याच भोपळ्याचा, आणि निघाले. वाड्यावरचं गाणं आजवर भिंतीबाहेरूनसुद्धा कुणाला ऐकू आलं नव्हतं, म्हणून त्यांच्या मागोमाग वाटेवरच्या गावांतली माणसं निघाली. न्हावी, कुंभार, कोळी, मांग, बामण, पोरंबाळं घेतलेल्या बाया, सगळी मळ्यात आली आणि वेलांमध्ये जागा मिळेल तशी बसली.

ऊन कोवळं होतं. बुवा ठकूच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ, आणि त्यांनी तोडी गायली. पुरी गायली. असं सांगतात की त्या दिवशी नदीवर पाणी प्यायला आलेली गुरं पाणी न पिता उभी राहिली. मला गुरांचं ठाऊक नाही. माणसं रडली एवढं खरं.

बुवांनी डोळे उघडले आणि विचारलं, "पोचलं का, बाई?"

ठकू त्यांच्या ओठांकडे बघत होती. तिला प्रश्न कळला. म्हणाली, "न्हाई पोचलं. कान गेलं, बुवा. दिवाळीलाच गेलं."

बुवांचा हात तंबोऱ्यावरून खाली आला. कुणी शहाण्याने ताटात नारळ आणि शेला आणला होता, तो पुढे केला. बुवा म्हणाले, "जिला द्यायचं तिलाच पोचलं नाही. मी तुमच्याकडून कशाचं घेऊ?" आणि ठकूला हातवारे करून विचारलं, आता काय करू?

ठकू म्हणाली, "पुडच्या वर्सी या. वचन हाय तुमचं."

ते आले. त्याच्या पुढच्याही वर्षी आले. दर माघात मळ्यात गर्दी वाढत गेली आणि त्या गर्दीच्या मधोमध दोन माणसं एकमेकांकडे बघत बसायची. एकाला ऐकवता येत नव्हतं, दुसरीला ऐकू येत नव्हतं. शेवटी तोच प्रश्न, तेच उत्तर. 'पोचलं' असं नुसतं म्हटलं असतं तर बुवा सुटले असते. पण वर्षातून एकदा तिच्या समोर कुणीतरी येऊन बसत होतं. ती का सोडील?

सातव्या वर्षी ठकू पौषातच गेली. बुवांना निरोप पोचला नव्हता. ते आले, खोप बघितली. गायला बसले. समोर नुसती माती. तोडी संपली आणि त्यांनी सवयीने विचारलं, "पोचलं का, बाई?"

बुवा तंबोऱ्याला गवसणी, म्हणजे कापडाची खोळ, घालू लागले. ती गवसणी एकदा बांधली की हा माणूस पुन्हा येत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा मागून पारू उठली. आता तीच गावात सगळ्यात म्हातारी होती. आयुष्यभर ठकूला टोमणे मारलेली बाई. ती ओरडून म्हणाली, "न्हाई पोचलं, बुवा! पुडच्या वर्सी या!"

बुवा मरेपर्यंत येत राहिले. मग त्यांचे शिष्य आले, शिष्यांचे शिष्य आले. आता तर घराणं कुठलंही असो, बोलावलं की गवई येतात, आणि इथं बिदागी घेत नाहीत.

आजही तिसऱ्या दिवशी सकाळी तोडी होते. टाळ्या कुणी वाजवत नाही. गाणारा मळ्याकडे बघून विचारतो, "पोचलं का, बाई?" आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने उठून उत्तर द्यायचं असतं. गेली पाच वर्षं ते माझ्याकडे आहे. माझ्या वयाची माणसं आता उरली नाहीत. घरी मीही चार चार दिवस बोलत नाही. गाणं माझ्यापर्यंत पोचलेलं असतं, पार आत पोचलेलं असतं. गुडघ्यावर हात टेकून मी उठते आणि पार नदीपर्यंत जाईल अशा आवाजात सांगते, "न्हाई पोचलं. पुडच्या वर्सी या."