बारशाचं काळं नाणं

मुलांनो, एका डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा होता आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीआड, एक रिकामं बीळ होतं. बाहेर दहिवर पडून गवत पांढरं झालं, तरी त्या बिळात चुलीपुढे बसल्यासारखी ऊब असे. रानातल्या कुणालाही हेवा वाटावा असं ते घर; पण त्यात कुणी राहत नव्हतं. का राहत नव्हतं, हे कुणी कुणाला विचारलंही नव्हतं.

थंडीच्या तोंडाला एक कोल्हीण तिथे राहायला आली. तिच्याबरोबर तिची पिल्लं होती, नुकते कुठे डोळे उघडलेली. आदल्या वर्षी ती एका उघड्या कपारीत राहिली होती. तिथे एका सकाळी ती उठली आणि तिची पिल्लं उठलीच नाहीत. रात्रभरच्या गारठ्याने सगळी गेली. ते दुःख तिच्या मनातून जात नव्हतं. म्हणून या बिळात पाऊल टाकल्याबरोबर पोटाला ऊब लागली, तेव्हा तिला रडूच फुटलं. "या खेपेला माझी लेकरं जगणार," ती म्हणाली.

ही कोल्हीण मोठी टापटिपीची. शेपटीला एक कुसळ चिकटलं, तरी ते काढल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. तिने शेपटीने बीळ झाडून काढलं, जुना पाचोळा बाहेर फेकला. आत कुबट, नासक्या अंड्यासारखा वास येत होता. त्यावर उपाय म्हणून तिने रानतुळशीची पानं अंथरली. थोड्याच दिवसांत तिला तो वास येईनासा झाला. वास गेला, असंच तिला वाटलं. सवयीने नाक मरतं, हे बिचारीच्या ध्यानातच आलं नाही!

झाडताना बिळाच्या तोंडाशी तिला एक नाणं सापडलं. ते पडलेलं नव्हतं बरं का. एका सपाट दगडावर नीट मधोमध ठेवलेलं होतं. जड होतं, चांदीचं होतं, पण इतकं काळंकुट्ट झालेलं, की त्यावरच्या राजाचे नाकडोळेही दिसत नव्हते. कोल्हिणीने ते पंजात घेतलं आणि फेकून द्यावं की ठेवावं या विचारात ती उभी राहिली.

तेवढ्यात वरच्या फांदीवर कावळा येऊन बसला. रानात कुणाकडे काय आहे आणि कोण काय म्हणालं, याची सगळी खबर त्याच्याकडे. तो म्हणाला, "अहो ताई, फेकताय काय? चांदी आहे ती! पिल्लांचं बारसं करणार ना? उशाशी ठेवा. पण असलं काळं ठेवू नका हं. सगळं रान येणार बारशाला. लोक काय म्हणतील?"

"पण कावळेदादा, हे निघेल का?"

"न निघायला काय झालं? माणसं नाही का घासत देवाची भांडी? चिंच लावायची, राख लावायची आणि घासायचं. आरशासारखं होईल!"

कोल्हिणीला ते पटलं. तरी दुसऱ्याचं नाणं, आधी कुणाला तरी विचारावं, म्हणून ती शेजारच्या कातळावर गेली. तिथे एक म्हातारी घोरपड उन्हात पडलेली असे. घोरपडआजीने त्या डोंगरावरचे कितीतरी पावसाळे पाहिले होते. पण तिची एक खोड होती. विचारलं तेवढंच ती सांगायची, त्याच्यापुढे एक शब्द नाही.

"आजी, हे नाणं कुणाचं हो?"

"साळिंदरिणीचं. तुझ्याआधी राहायची ती तिथे."

"मी घासून घेऊ?"

घोरपडीने एक डोळा उघडला. "नको घासू. तसंच राहू दे म्हणाली होती ती." आणि तिने डोळा मिटला.

आता इथे कोल्हिणीने 'का?' एवढं एकच अक्षर विचारायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे बारसं होतं. तिच्या मनात आलं, साळिंदरीण आळशी असेल, घासायचा कंटाळा करत असेल. म्हाताऱ्या माणसाला काय, जुनं ते सगळं तसंच राहायला हवं असतं. परत येता येता तिने पिकलेल्या चिंचा गोळा केल्या, जळालेल्या झाडाच्या बुंध्यातून राख आणली आणि पंजे दुखेपर्यंत ते नाणं घासलं. काळं सुटू लागलं. राजाचं नाक दिसलं, मिशी दिसली. शेवटी नाणं असं लखलखलं, की पिल्लं त्यात आपली तोंडं बघून खिदळली. आईला धन्य धन्य वाटलं. तिने ते बिळाच्या पार आत, जिथे सर्वांत जास्त ऊब होती तिथे, पिल्लांच्या उशाशी ठेवलं.

बारसं जवळ आलं. कोल्हीण दिवसभर पाहुण्यांसाठी बोरं आणि खेकडे जमवत रानात हिंडायची. एकदा परतल्यावर पाहते, तर नाण्यावर पिवळट छटा. मग ती तांबूस झाली. मग पुन्हा काळी.

"पंजा लागला असेल कुणाचा तरी," कावळा म्हणाला. "पुन्हा घासा."

तिने पुन्हा घासलं. ते पुन्हा काळवंडलं. ती घासून घासून रडकुंडीला आली. पिल्लांचं म्हणाल, तर ती अगदी शांत होती. हल्ली खेळत नव्हती, भांडत नव्हती, नुसती झोपून असायची. कावळ्याने बिळात डोकावून मान डोलावली. "काय गुणी लेकरं आहेत हो, ताई! आवाज म्हणून नाही." हे ऐकून ती सुखावली. धाकटं पिल्लू सकाळी दूध प्यायलं नव्हतं, तेवढं मात्र तिच्या मनाला लागून राहिलं.

बारशाच्या दिवशी, ऊन वर येत असताना, ती काळं नाणं तोंडात धरून घाईघाईने घोरपडीकडे गेली आणि ते पंजात घेऊन म्हणाली, "आजी, चिंचेने होत नाही, राखेने होत नाही. पाहुणे यायची वेळ झाली. साळिंदरीण कशाने घासायची, तेवढं सांगा!"

घोरपडीने या खेपेला दोन्ही डोळे उघडले. "ती पण चिंचेनेच घासायची," ती म्हणाली. "इथे आली तेव्हा नाणं दुधासारखं पांढरं होतं. झऱ्यावर आंघोळीला आलेल्या कुणा माणसाच्या कनवटीचं पडलेलं. बिळात नेलं आणि काळं पडू लागलं. ती रोज घासायची आणि ते रोज काळं व्हायचं."

"मग? मग तिने घासणं का सोडलं?"

"तिची पिल्लं गेली, पोरी. झोपेतच गेली, सगळी. त्यानंतर तिने नाणं घासलं नाही. ते दगडावर ठेवलं आणि 'आजी, हे असंच राहू दे' एवढं म्हणून ती निघून गेली. रडणाऱ्याला काय विचारायचं, म्हणून मी विचारलं नाही."

कोल्हिणीच्या पंजातलं नाणं खाली पडलं. तिने ते हुंगलं. नासक्या अंड्याचा वास! बाहेरच्या स्वच्छ वाऱ्यात तिच्या नाकाला तो पुन्हा आला. जमिनीखालून ऊब येत होती, तिथूनच ती वाईट हवाही येत होती. ज्या हवेने चांदी काळी पडली, तीच हवा तिची लेकरं दिवसरात्र छातीत भरून घेत होती. आणि ती त्यांचं गुणी म्हणून कौतुक करत होती!

ती धावत सुटली. वाटेत काटे लागले, तिला कळलंही नाही. तिने एकेका पिल्लाला मानेला धरून बाहेर ओढलं आणि गार गवतावर टाकलं. थोरली दोघं धडपडली, ओकली, मग रडू लागली. ते रडणं ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. पण धाकटं पिल्लू हलेना. ती त्याला चाटत राहिली. "ऊठ रे माझ्या राजा, ऊठ. भांड, चाव मला, पण ऊठ!" बारशाला आलेले पाहुणे हातातली बोरं तशीच धरून भोवती उभे राहिले. बऱ्याच वेळाने पिल्लाच्या नाकपुड्या थरथरल्या आणि ते शिंकलं. कोल्हिणीने त्याला पोटाशी धरलं आणि हंबरडा फोडला.

बारसं तिथेच झालं, उघड्यावर, वाऱ्यात. घोरपडही सरपटत तिथवर आली होती. मान खाली घालून ती म्हणाली, "तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. तुझी चूक लहान होती, पोरी. माझी मोठी."

ती थंडी कोल्हिणीने पुन्हा एका कपारीतच काढली. पण या वेळी पाहुण्यांनी कपारीच्या तोंडाशी पाचोळ्याचा ढीग रचून दिला. कावळा रोज चोचीतून वाळकी पानं आणून टाकी आणि लोक काय म्हणतील याविषयी चकार शब्द काढत नसे. कोल्हीण पिल्लांभोवती अंगाचं वेटोळं करून पडून राहिली. ती वाळून काटकी झाली, पण पिल्लं तगली.

नाणं तिने पुन्हा दगडावर ठेवलं होतं, काळं होतं तसंच. पुढे किती तरी वर्षांनी, थंडीच्या तोंडाला, एक गरोदर सशीण बीळ शोधत तिथे आली. आतली ऊब पाहून ती हरखली. दगडावरचं नाणं तिने उचललं, "इश्श, किती घाण!" म्हणाली आणि गवताने पुसायला लागली. तेवढ्यात जाळीतून एक म्हातारी कोल्हीण लंगडत पुढे आली. सशीण भीतीने गारठलीच.

"घाबरू नकोस, बाई. माझे दात कधीच पडले," कोल्हीण म्हणाली. "ते नाणं तेवढं खाली ठेव. घासू नकोस. आणि आत जाण्याआधी इथे माझ्याजवळ बस. ते काळं का झालं, ते तुला सगळं सांगते."

तात्पर्य : डाग कसा जाईल, हे पाहण्याआधी तो का पडला, हे विचारावं, आणि ज्याला ते ठाऊक आहे, त्याने कुणी विचारण्याची वाट पाहू नये.