उपडी वाटी

“…पण मीच हात सोडला, तर त्यांना एकत्र धरायचं कुणी, बुवा?”

सुलक्षणाताईंचा आवाज जरा चढलाच. त्या मोठ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. पाण्यात विखुरलेले रेणू आपापले एकमेकांना धरतात, धागे विणतात आणि सगळ्या पाण्याला थोपवून त्याचा थलथलीत, घट्ट जेल करतात, याच्याच अभ्यासात त्यांची वीस वर्षं गेलेली. आणि आता त्यांच्या पाच विद्यार्थ्यांपैकी दोघांनी ‘आम्ही जातो’ म्हणून चिठ्ठी दिली होती. उरलेले तिघे एकमेकांशी बोलत नव्हते. उद्या त्या चिठ्ठीला उत्तर द्यायचं होतं.

“सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला काम कुठवर आलं ते विचारते. या वहीत लिहून ठेवते. आणखी काय करू?”

टेकडीवरच्या मठीतले सोनबा बुवा उठले. त्यांनी कुंपणावरच्या वासनवेलीची पानं ओरबाडली, पाण्यात चुरली, फडक्यातून हिरवा रस गाळला आणि दोन वाट्यांत ओतला. एक वाटी ताईंपुढे सरकवली, दुसरी आपल्याजवळ ठेवली.

“हा रस थिजतो. थिजला की सांगा.”

ताई हसल्या. “बुवा, हे तर माझ्या रोजच्या कामातलं.”

“मग बरंच झालं की.”

बुवा सूप घेऊन कण्या निवडायला बसले.

थोड्या वेळानं ताईंनी वाटी कलती केली. रस हलला. जेल झाला का, हे बाटली उपडी करून बघायचं, ही प्रयोगशाळेतली हाताची सवय.

पुन्हा कलती केली. मग बोटानं डिवचून पाहिलं. मग पुन्हा…

“पानं जून दिसताहेत तुमची.”

“एकाच वेलीची आहेत, बाई.”

ताईंच्या वाटीत गुठळ्या झाल्या. भोवती पाणी सुटलं.

बुवांनी सूप खाली ठेवलं. आपली वाटी उचलली आणि ताईंच्या उघड्या वहीवर सरळ उपडी धरली.

ताईंनी वही ओढायला हात पुढे केला… आणि तसाच राहू दिला.

थेंबही पडला नाही.

ताईंनी हळूच विचारलं, “कधी थिजला?”

“कुणास ठाऊक,” बुवा म्हणाले. “मी कण्या निवडत होतो.”