हरिणीची पायवाट

एका माळरानावर हरणांचा एक कळप राहत असे. त्या कळपात एक पहिलटकरीण हरिणी होती. पावसाळा सरत आला होता, गवत चांगले कमरेइतके वाढले होते, आणि एका सकाळी बोरीच्या झुडपामागे तिला पाडस झाले. चार काटक्यांवर मूठभर माती ठेवावी, एवढेच ते दिसत होते.

मुलांनो, हरणांची एक रीत आहे. ती नीट ऐका, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. पाडस जन्मले की पहिले पंधरा दिवस आई त्याला गवतात निजवते आणि आपण दूर चरायला जाते. दिवसातून तीनदा येते, पाजते, चाटून स्वच्छ करते आणि निघून जाते. येताना एका वाटेने, जाताना दुसरीने. पाडस कान पाडून निपचित पडून राहते. त्याला अजून पळता येत नाही. संकट आले की पडून राहणे एवढेच त्याला येते.

कळपात एक म्हातारी हरिणी होती. तिला सगळ्याजणी मावशी म्हणत. तिने ही रीत पहिलटकरणीला समजावून सांगितली.

"पाडसाला वास नसतो, पोरी. वास तुझ्या खुरांना असतो. तू जितकी लांब, तितकं ते सुखरूप."

"हो मावशी," हरिणी म्हणाली. पण तिने ऐकले नाही.

घार वर फिरू लागली की तिला वाटे, पाडस दिसले. घार दिसेनाशी झाली की वाटे, खाली उतरली. वाऱ्याने गवत हलले की तिच्या छातीत धस्स होई आणि वारा पडला की त्याहून जास्त. ती दोन घास तोडी, मान वर करी आणि निघे. झुडपाशी जाऊन पाडसाच्या नाकाशी नाक नेई. श्वास चाललेला असे. पन्नास पावले परत येई आणि मनात येई, आपण नीट पाहिले का? पुन्हा जाई. पाडस झोपलेले असले तर उठवून पाही, आणि उठले की आता ते झोपत का नाही म्हणून घाबरे. तीनदा जायचे ते दहादा होऊ लागले, मग वीसदा. आठ दिवसांत तिच्या बरगड्या दिसू लागल्या. दूध आटले. पाडस ढुशा देई, मग आचळ सोडून बारीक आवाजात ओरडे, आणि ते ओरडणे ऐकून ती आणखीच घाबरे.

नवव्या दिवशी सकाळी मावशी तिच्याजवळ आली.

"आज काय खाल्लंस?"

"खाल्लं थोडं."

"खाल्लेलं तोंड असं दिसत नाही. तू खाणार नाहीस तर ते काय पिणार? तुझी काळजी?"

"तुम्हाला बोलायला सोपं आहे, मावशी. तुमची पाडसं मोठी झाली."

"सात झाली. मोठी चारच झाली," मावशी म्हणाली. "चल माझ्याबरोबर."

मावशीने तिला टेकाडावर नेले. तिथून सगळा माळ दिसत होता. कळप चरत होता तिथून एक रेघ निघाली होती. रेघेवरचे गवत आडवे झाले होते आणि खालची तांबडी माती उघडी पडली होती. रेघ सरळ बोरीच्या झुडपाशी जाऊन थांबत होती.

"ही वाट कुणी पाडली?" मावशीने विचारले.

हरिणीने आपल्या खुरांकडे पाहिले.

"कोल्ह्याला नाक लावायचीही गरज नाही. नुसता चालत जाईल. आत्ताच जा. आहे तेवढं दूध पाज, त्याला खडकावरून, वाट उमटणार नाही असं, लांब ने आणि सोड. निजायची जागा ते आपली आपण शोधतं. तू पाठ फिरव. कुठं निजलं ते पाहू नकोस. तुला ठाऊकच नसेल तर तुझे डोळे चुगली करणार नाहीत."

हरिणीने सगळे तसेच केले. पाजले, खडकावरून नेले, पाठ फिरवली. पण दहा पावलांवर तिने मागे पाहिलेच. पाडस एका पांढऱ्या धोंड्याच्या कडेला बसले आणि कान पाडून मातीत मिसळून गेले.

दुपारी कोल्हा आला. गवतातून त्याच्या शेपटीचे टोक पुढे पुढे जाताना हरिणीला दिसले. तो तिच्याच वाटेने चालला होता. झुडपाशी थांबला, आत गेला, बाहेर आला. मग त्याच वाटेने परत येऊन तो तिच्यासमोर बसला. त्याच्या पाठीमागे, हाकेच्या अंतरावर, तो पांढरा धोंडा होता.

"फार वाळलात बाई," कोल्हा म्हणाला. "ओली बाळंतीण दिसता. घास भरवायला कुणी नाही का?"

त्याने नाक वर करून हवा हुंगली.

"झुडपाखाली अजून ऊब आहे. कुठं हलवलंत? ओढ्याकडे?"

तो तिच्या तोंडाकडे पाहत नव्हता, कानांकडे पाहत होता. हरणाचे मन जिकडे असते तिकडे त्याचे कान वळतात, हे त्याला ठाऊक होते.

"की मागं, त्या धोंड्याकडे?"

एक उडी, आणि ती पाडसापाशी पोचली असती. तिच्यामागून कोल्हाही पोचला असता. तेवढ्यात शेजारी चरणारी मावशी मान वर न करता, रोजच्या आवाजात म्हणाली, "पोरी, इथलं गवत कोवळं आहे. खा."

हरिणीने मान खाली घातली. कान गवतात बुडाले. पहिला घास मातीसारखा लागला, तो तिने गिळला. दुसरा तोडला.

"धोंड्यापाशी काहीतरी हललं बघा," कोल्हा म्हणाला.

"हललं असेल. वारा आहे," ती भरल्या तोंडाने म्हणाली आणि एक पाऊल उलट्या दिशेला सरकली.

कोल्हा बसून राहिला. ती खात राहिली. झुडपाची सावली या बाजूची त्या बाजूला गेली, तरी ती खातच होती. तिच्या हातात दुसरे काही उरले नव्हते. शेवटी कोल्ह्याने जांभई दिली.

"असल्या आईच्या पोरात मांस तरी किती असणार," असे म्हणून तो उठला आणि धोंड्याच्या कडेने निघून गेला. त्याची पावले तिथे वाजली. हरिणीने मान वर केली नाही.

ऊन उतरल्यावर ती ओढ्याकडून वळसा घालून धोंड्यापाशी गेली. तिथे काहीच नव्हते. नुसती माती. तिने हळूच साद घातली, आणि ती माती चार पायांवर उभी राहिली.

पाडसाने ढुशा दिल्या. या वेळी दूध होते. ओठांवर फेस येईपर्यंत ते प्याले आणि पोट भरल्यावर आपणहून थांबले. नऊ दिवसांत असे पहिल्यांदा झाले. हरिणीला तिथून पाय काढवेना. तिने त्याला चाटले, पाठ फिरवली आणि ती तिसऱ्याच वाटेने चरायला गेली. या वेळी तिने मागे पाहिले नाही.

भीती काही गेली नाही, मुलांनो. पंधराव्या दिवसापर्यंत ती बरोबरच होती. पण भीती बरोबर असतानाही हरिणी पोटभर खात होती. सोळाव्या दिवशी पाडस तिच्यामागून उड्या मारत कळपात आले, तेव्हा जुन्या पायवाटेवरचे गवत पुन्हा उभे राहिले होते.

तात्पर्य : बाळाची काळजी वाहणाऱ्या आईने आधी स्वतः पोटभर जेवावे. भीती वाटली म्हणून दर घडीला धावत सुटू नये, कारण त्या धावण्यानेच संकटाला घरचा रस्ता सापडतो.